कुंभारीचा कातळ व मॉरिशसचें निळें पाणी

सोलापूर शहरांतून अक्कलकोटच्या वाटेनें आग्नेयेकडे निघालें, कीं थोड्याच अवकाशांत कुंभारी हें गांव लागतें. सभोंवतीं उघडा माळ, काळी जमीन, ज्वारीचीं व तुरीचीं शेतें, आणि चैत्र-वैशाखांत अंगाची लाही करणारें ऊन, असा तेथील देखावा आहे. अरबी समुद्र तेथून जवळजवळ तीनशें किलोमीटर दूर. या गांवाच्या शिवारांत विडी-कामगार स्त्रियांसाठीं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली व २००६ सालीं ती त्यांच्या स्वाधीन झाली. पुढें जानेवारी २०२४ मध्यें त्याच शिवारांतील रे नगरांत कामगारांना आणखी पंधरा हजार घरें देण्यांत आलीं. अशा घरांचे पाये खणतांना वरची काळी माती व तिच्याखालचा मुरूम संपला, कीं पहारीला सहसा दाद न देणारा काळा कातळ लागतो. हा दगड सोलापूरकरांच्या नित्य परिचयाचा आहे. घरांच्या जोत्यांत, विहिरींच्या बांधणींत, जुन्या वाड्यांच्या भिंतींत तोच असतो, आणि त्याच्याकडे कोणी वळूनहि पाहत नाहीं.

परंतु हा कातळ ज्या भट्टींतून बाहेर पडला, ती भट्टी अद्यापि विझलेली नाहीं. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मतें ती आज कुंभारीपासून सुमारें पांच हजार किलोमीटर नैर्ऋत्येस, हिंदी महासागरांतील रेयुनियों नांवाच्या फ्रेंच बेटाखालीं धगधगत आहे. त्याच्या ईशान्येस असलेलें मॉरिशस हें तिचेंच आधींचें अपत्य होय. मॉरिशसच्या किनाऱ्यालगत उथळ निळ्या पाण्यांत, डोळ्यांवर कांच चढवून व तोंडांत श्वासाची नळी धरून, तेथील जलचर पाहत पोहणें हा आज सहस्रावधि प्रवाशांचा आवडता छंद झाला आहे. आणि त्याच बेटावर एकोणिसाव्या शतकापासून मराठी माणसें नांदत आलीं आहेत. दगड, जलचर आणि माणसें यांची ही गांठ कशी पडली, तींत काय नष्ट झालें व काय राखलें गेलें, हा इतिहास सोलापूरच्या माळावरील माणसालाहि परका नाहीं.

सुमारें सहा कोटि साठ लक्ष वर्षांपूर्वीं, आजचा महाराष्ट्र ज्या भूखंडावर आहे तो भूखंड विषुववृत्ताच्या पुष्कळ दक्षिणेस होता व हळूहळू उत्तरेकडे सरकत होता. पृथ्वीच्या पोटांतून वर येणाऱ्या अतितप्त द्रव्याचा एक झोत त्याच्या बुडाशीं लागला. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हारस उसळून दूरवर पसरला. उंच डोंगर फुटून राख उडावी, अशा प्रकारचा हा उद्रेक बहुतांशीं नव्हता. पुराच्या वेळीं नदीनें कांठ सोडून शेतें व्यापावीं, तसा तो रस पसरे, थिजे, आणि कांहीं काळानें त्यावर दुसरा थर येई. अशा थरांवर थर बसून दख्खनचें पठार तयार झालें. एवढ्या काळाची झीज होऊनहि त्याचा विस्तार आज सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीच्या कड्यांत हे थर पायऱ्यांप्रमाणें एकावर एक रचलेले स्पष्ट दिसतात. म्हणूनच युरोपीय भूशास्त्रज्ञांनीं त्यांना 'ट्रॅप' हा, मूळ स्वीडिश भाषेंत जिना असा अर्थ असलेला, शब्द लावला. पश्चिमेस हे थर फार जाड आहेत, व पूर्वेकडे ते पातळ होत जातात. कुंभारीचा कातळ त्यांपैकींच होय. अशा दगडांत कोठें कोठें पांढरे खडे भरलेले दिसतात. रस थिजतांना त्यांत वायूचे बुडबुडे अडकून राहिले आणि त्यांच्या पोकळ्या पुढें खनिजांनीं भरून निघाल्या, त्याची ती खूण आहे.

भूखंड सरकत राहिला. खालचा झोत मात्र बराचसा जागच्या जागीं राहिला. शिवणयंत्राची सुई एकाच ठिकाणीं खालींवर होते व कापड पुढें जातें, म्हणून कापडावर टांक्यांची ओळ उमटते. त्याचप्रमाणें समुद्राच्या तळावर ज्वालामुखींची एक ओळ उमटत गेली. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, त्यानंतर मॉरिशस, आणि शेवटीं रेयुनियों असा तो मार्ग आहे. १९८७ सालीं एका आंतरराष्ट्रीय मोहिमेनें या मार्गावर समुद्रतळाला छिद्रें पाडून खालचा खडक वर काढला, तेव्हां या कल्पनेला मोठा आधार मिळाला. मालदीवजवळचा खडक सुमारें पांच कोटि सत्तर लक्ष वर्षांचा निघाला. चागोसजवळचा चार कोटि नव्वद लक्ष वर्षांचा. आणि त्याहून नैर्ऋत्येस, नाझरेथ नांवाच्या बुडालेल्या पठाराजवळचा, तीन कोटि तीस लक्ष वर्षांचा. मॉरिशसचे सर्वांत जुने खडक ऐंशी-नव्वद लक्ष वर्षांचे आहेत, व रेयुनियोंच्या पृष्ठावरील सर्वांत जुने खडक वीस लक्ष वर्षांच्या थोडे पलीकडचे. दक्षिणेकडे जावें, तसतसें खडकाचें वय कमी होत जातें. रेयुनियोंवरील पितों द ला फुर्नेझ हा २,६३२ मीटर उंचीचा ज्वालामुखी आजहि वरचेवर जागा होतो. 'फुर्नेझ' या फ्रेंच शब्दाचा अर्थच भट्टी असा आहे.

अशीं बेटें समुद्राच्या तळापासून एकटीं वर येतात व कोणत्याहि खंडाशीं जोडलेलीं नसतात. तेथें जो जीव पोंचतो, तो उडत, वाहत किंवा पोहत पोंचतो. मॉरिशस, रेयुनियों व रॉड्रिग्ज या तिन्ही बेटांवर कोल्ह्या-लांडग्यांसारखे प्राणी तर दूरच, साधा उंदीरहि नव्हता. वटवाघळांखेरीज जमिनीवर एकहि सस्तन प्राणी नव्हता. शत्रु नसल्यामुळें पक्ष्यांना उडण्याचें व कासवांना लपण्याचें कारण उरलें नाहीं. मॉरिशसवर कबुतराच्या कुळांतील एक पक्षी वाढतां वाढतां हंसाएवढा मोठा झाला आणि उडणें विसरला. तोच प्रसिद्ध डोडो.

१५९८ सालीं डच जहाजें या बेटाला लागलीं. आपल्या देशाच्या मॉरिट्स नामक राजपुत्रावरून त्यांनीं बेटाला मॉरिशस हें नांव दिलें. माणसें पाहून डोडोनें पळ काढला नाहीं, कारण पळावें कशासाठीं हेंच त्याला ठाऊक नव्हतें. खलाशांनीं त्याला काठीनें मारलें. परंतु त्याहून अधिक नाश त्यांच्या जहाजांतून आलेल्या उंदरांनीं, डुकरांनीं व माकडांनीं केला, असें मानतात. डोडोचें घरटें जमिनीवर असे, व त्यांतील अंडें राखण्याची युक्ति त्या पक्ष्यापाशीं नव्हती. जिवंत डोडो पाहिल्याची सामान्यतः ग्राह्य धरलेली शेवटची नोंद १६६२ सालची आहे. पहिल्या भेटीपासून पुरीं पाऊणशें वर्षेंहि झालीं नव्हतीं.

रॉड्रिग्ज बेटाची हकीकत याहूनहि विचार करायला लावणारी आहे, कारण तेथील मूळची स्थिति पाहून ती लिहून ठेवणारा मनुष्य लाभला. फ्रान्सांतील धर्मछळामुळें परागंदा झालेला फ्रांस्वा लेगा हा गृहस्थ आपल्या सोबत्यांसह १६९१ ते १६९३ या काळांत तेथें राहिला. प्रचंड भू-कासवांचे तेथें एवढे थवे होते कीं, त्यांच्या पाठींवर पाय देत, जमिनीला न टेकतां, शंभर पावलें चालतां यावें, असें त्याचें वर्णन आहे. किनाऱ्याच्या उथळ पाण्यांत समुद्रगाईंचे मोठमोठे कळप मेंढरांप्रमाणें शांतपणें गवत चरत असत. माणूस जवळ आला तरी त्या दूर जात नसत. त्यामुळें त्यांतून हवी ती निवडून बाहेर ओढणें सोपें होतें. पुढें अठराव्या शतकांत मॉरिशसच्या फ्रेंच वसाहतीला व ये-जा करणाऱ्या जहाजांना ताजें मांस मिळावें, म्हणून रॉड्रिग्जवरून कासवें सहस्रावधि भरून नेण्यांत आलीं. आज त्या जातीचें एकहि कासव जगांत नाहीं. लेगानें ज्याचें प्रेमानें वर्णन केलें, तो सॉलिटेअर नांवाचा पक्षीहि नाहीं. समुद्रगाय इतर समुद्रांत अद्यापि आढळते. परंतु या बेटांच्या पाण्यांतून ती नाहींशी झाली. समुद्रांतील प्राण्याला मनुष्य त्या काळीं दोनच ठिकाणीं पाहत असे, एक जाळ्यांत व दुसरें ताटांत. पाण्याखालचें त्याचें जगणें कोणाच्या दृष्टीसच पडत नव्हतें.

२९ एप्रिल १८३६ रोजीं 'बीगल' हें इंग्रजांचें पाहणी-जहाज मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरांत शिरलें. त्यावर सत्तावीस वर्षांचा चार्ल्स डार्विन होता. समुद्राखालीं पाहण्याचें साधन त्याच्यापाशींहि नव्हतें. त्याच महिन्यांत कीलिंग बेटांजवळ, खोली मोजण्याच्या शिशाच्या वजनाला चरबी फांसून, तें दोरानें तळाशीं सोडण्यांत आलें होतें. वर काढल्यावर चरबीवर कधीं जिवंत प्रवाळांचा ठसा उमटलेला असे, तर कधीं नुसती वाळू चिकटलेली असे. या ठशांवरून असें दिसून आलें कीं, भिंतीसारखीं पसरणारीं प्रवाळें उथळ पाण्यांतच वाढतात. मग अत्यंत खोल समुद्रांतून सरळ वर आलेलीं प्रवाळबेटें झालीं कशीं? डार्विनचें उत्तर असें होतें कीं, ज्वालामुखी बेट हळूहळू खचत जातें, आणि त्याच्या कांठाला लागलेलीं प्रवाळें मात्र उजेडासाठीं वर वर वाढत राहतात. प्रथम प्रवाळांची भिंत किनाऱ्याला चिकटून असते. बेट खचूं लागलें, कीं भिंत व किनारा यांच्यामध्यें पाणी शिरतें. शेवटीं बेट बुडतें आणि प्रवाळांचें कंकण तेवढें उरतें. हें मत त्यानें १८४२ सालीं ग्रंथरूपानें मांडलें. पुढें १९५२ सालीं प्रशांत महासागरांतील एनिवेटॉक बेटावर छिद्रें पाडलीं असतां, सुमारें तेराशें-चौदाशें मीटर जाडीच्या प्रवाळी चुनखडीखालीं खरोखरच ज्वालामुखीचा काळा खडक लागला.

दख्खनच्या भट्टीच्या मार्गावर या तिन्ही अवस्था आजहि पाहावयास सांपडतात. लक्षद्वीप व मालदीव येथें ज्वालामुखी केव्हांच बुडाला व कंकणें राहिलीं. रेयुनियों अगदीं तरुण. त्याच्या किनाऱ्याच्या थोड्याच भागांत प्रवाळांची अरुंद पट्टी धरली आहे. मॉरिशस या दोहोंच्या मधलें. त्याच्या बऱ्याचशा किनाऱ्याला प्रवाळांच्या भिंतीनें वेढलें आहे, आणि भिंतीच्या आंत शांत, उथळ, निळें खाजण आहे. महासागराच्या लाटा भिंतीवर फुटतात. आंत लहान मूलहि पोहूं शकेल इतकें पाणी अनेक ठिकाणीं निवांत असतें.

पोर्ट लुईसच्या रस्त्यांवर डार्विननें आणखीहि एक गोष्ट पाहिली. हिंदुस्थानांतून जन्मठेपेवर धाडलेले सुमारें आठशें कैदी तेथें सरकारी बांधकामावर राबत होते. त्यांचे भारदस्त चेहरे, पांढऱ्या शुभ्र दाढ्या व शांत वागणूक पाहून त्याला नवल वाटलें, आणि तसें त्यानें लिहून ठेवलें. १८१५ पासून बंगाल व मुंबई या दोन्ही इलाख्यांतून असे कैदी त्या बेटावर पाठविले जात. बेटावरचे कित्येक रस्ते व पूल त्यांच्या हातचे आहेत.

कैद्यांमागून मजूर आले. १८३५ सालीं मॉरिशसमध्यें गुलामगिरी संपली, आणि उसाच्या मळ्यांना माणसें हवीं झालीं. तत्पूर्वींच, २ नोव्हेंबर १८३४ रोजीं, 'अ‍ॅटलास' जहाजानें कराराच्या मजुरांची एक तुकडी कलकत्त्याहून तेथें उतरविली होती. मध्यंतरीं कांहीं वर्षें ही भरती बंद होती; १८४२ नंतर ती पुन्हां सुरू झाली व मुंबई बंदरांतूनहि मजूर जाऊं लागले. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतील कुणबी-मराठे व इतर कष्टकरी त्यांत होते. १९१० सालीं ही भरती थांबेपर्यंत साडेचार लक्षांवर हिंदी मजूर त्या बेटावर उतरले. पोर्ट लुईसच्या ज्या घाटावर ते उतरत, तेथील सोळा दगडी पायऱ्या आजहि शाबूत आहेत. आप्रवासी घाट या नांवाच्या त्या स्थळाला २००६ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला.

या पायऱ्या चढून मळ्यावर गेलेल्या मजुराच्या हातीं पहिलें काम पुष्कळदां दगड उपसण्याचें येई. मॉरिशसची जमीन काळ्या धोंड्यांनीं भरलेली आहे. ते वेंचून, फोडून, रचून ठेवल्यावांचून ऊस लागत नसे. त्या धोंड्यांचे प्रचंड ढीग आजहि उसाच्या फडांमधून उभे आहेत. शेतांतले दगड वेंचून बांधावर रचण्याचें काम देशावरच्या शेतकऱ्याला नवें नव्हतें. समुद्र ओलांडून, मुलूख सोडून तो ज्या बेटावर आला, तेथेंहि त्याच्या हाताला आला तो त्याच्याच भट्टींतला काळा दगड. हें त्याला कळण्याचा संभव नव्हता, व त्या काळीं तें कोणालाच ठाऊक नव्हतें. समुद्र म्हणजे त्याच्या लेखीं घर तोडणारें काळें पाणी होतें. त्यांत उतरून तळाचा रंग पाहण्याइतकी उसंत मळ्यावरील दिवसानें त्याला क्वचितच दिली असेल.

तरीहि त्यानें आपली ओळख टिकविली. त्याच्या वंशजांच्या पुष्कळ घरांत रोजची बोली क्रिओल झाली आहे. परंतु शाळांतून मराठी शिकविली जाते, कोंकणांतील जाखडीशीं नातें सांगणारा झाकरी नाच सणासुदीला रंगतो, आणि गणेशचतुर्थीला सबंध देशाला सुट्टी असते. पश्चिम किनाऱ्याजवळचें कास्कावेल हें गांव मराठी वस्तीसाठीं ओळखलें जातें. गणपति तेथें जवळच्या पाण्यांत विसर्जन पावतो.

पाण्याखालीं पाहण्याची युक्ति सामान्य माणसाच्या हातीं विसाव्या शतकांत आली. पाण्यांत उघड्या डोळ्यांनीं पाहिलें, तर सर्व धूसर दिसतें. हवेंतून येणारा प्रकाश डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्यावर वांकतो, म्हणून प्रतिमा रेखीव पडते. पाण्यांतून येणारा प्रकाश तेथें पुरेसा वांकत नाहीं. डोळ्यांपुढें हवेचा पातळ थर व कांच राहील अशी योजना केली, कीं हा दोष जातो. मात्र वस्तु आहेत त्याहून सुमारें एक-तृतीयांश मोठ्या दिसतात. श्वासाच्या नळीची कल्पना याहून फार जुनी आहे. हत्ती पाण्यांतून जातांना सोंड वर धरतो, त्याची तुलना ॲरिस्टॉटलनें पाणबुड्यांच्या श्वास घेण्याच्या साधनाशीं केली आहे. नळी लांब केल्यानें अधिक खोल जातां येईल, असें वाटतें खरें. परंतु अर्ध्या मीटरवरच छातीवर पाण्याचा दाब इतका होतो कीं, वरची हवा आंत ओढणें कठीण जातें. शिवाय लांब नळींत आपणच सोडलेला श्वास परत छातींत येतो. म्हणून ही नळी हातभराहून लांब नसते, आणि पोहणारा पृष्ठभागावरच पालथा तरंगत राहतो.

रबरी मुखवटे व पायांतील रबरी वल्हीं हीं साधनें १९३० नंतरच्या दशकांत फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर प्रचारांत आलीं. पायांतील वल्ह्यांचें पेटंट लुई द कोर्लियू यानें १९३३ सालीं घेतलें. 'स्नॉर्कल' हें नांव दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन पाणबुड्यांच्या हवेच्या नळीवरून आलें. या साधनांचा आरंभींचा एक मोठा उपयोग भाल्यानें मासे मारण्यासाठींच झाला, हेंहि सांगितलें पाहिजे. परंतु पाण्याखालीं स्पष्ट दिसूं लागल्यावर कित्येकांनीं हळूहळू भाला खालीं ठेवला.

मॉरिशसच्या आग्नेय टोकास ब्लू बे नांवाचा उपसागर आहे. तेथें पालथें तरंगत खालीं पाहिलें, तर प्रथम पांढरी वाळू दिसते. ती बहुतेक प्रवाळांचा व शिंपल्यांचा चुरा आहे. पोपटमासे आपल्या चोंचीसारख्या दांतांनीं प्रवाळ कुरतडतात, आणि न पचलेला चुना वाळू होऊन त्यांच्या पोटांतून बाहेर पडतो. कान पाण्यांत असल्यामुळें त्यांच्या कुरतडण्याचा आवाजहि ऐकूं येतो. पुढें मेंदूप्रमाणें वळ्या असलेलीं गोल प्रवाळें, हरणाच्या शिंगांसारखीं फांद्यांचीं प्रवाळें, आणि त्यांच्यामधून फिरणारे पिवळे, निळे, पट्ट्यांचे मासे लागतात. समुद्रफुलांच्या विषारी तंतूंत निर्धास्त राहणारा एक लहान मासा तर याच बेटांच्या परिसरांत सांपडतो. क्वचित् एखादें समुद्री कासव संथपणें बाजूनें निघून जातें. प्रवाळाचा जीव टांचणीच्या डोक्याएवढा असतो. त्याच्या अंगांत सूक्ष्म शैवाल राहतें. सूर्यप्रकाशावर तें अन्न तयार करतें व प्रवाळाला पोसतें. प्रवाळाचा रंगहि बहुतांशीं त्या शैवालाचाच असतो.

समुद्राचें पाणी नेहमींपेक्षां एखाददुसऱ्या अंशानें तापून कांहीं आठवडे तसेंच राहिलें, तर हा सहवास मोडतो. शैवाल बाहेर पडतें, प्रवाळ पांढरें पडतें, आणि पाणी लवकर निवलें नाहीं तर तें उपाशी मरतें. १९९८ सालीं हिंदी महासागरांतील प्रवाळांवर हें संकट मोठ्या प्रमाणावर आलें. मॉरिशसच्या पाण्यांतहि पुढें २००९ व २०१६ सालीं तें दिसलें. येथें उंदीर नाहीं, डुक्कर नाहीं, कोणी काठी घेऊन आलेला नाहीं. दूरदूरच्या देशांतील धुराड्यांचा हा परिणाम आहे.

राखण्याचे प्रयत्नहि झाले. १८७४ सालीं डार्विन व अन्य शास्त्रज्ञांनीं मॉरिशसच्या गव्हर्नराला अर्ज करून, आल्डाब्रा बेटावर उरलेल्या भू-कासवांचें रक्षण करण्याची विनंति केली. तीं कासवें वांचलीं. आणि ब्लू बेजवळच्या इल ओ एग्रेत या लहानशा राखीव बेटावर आज तींच, नष्ट झालेल्या स्थानिक कासवांच्या जागीं, झाडपाला खात फिरत आहेत. ब्लू बे स्वतः १९९७ सालीं राखीव झाला. २००८ सालीं त्याच्या ३५३ हेक्टर क्षेत्राची आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत नोंद झाली.

तरीहि धोका टळला नाहीं. २५ जुलै २०२० च्या रात्रीं 'वाकाशियो' हें प्रचंड मालवाहू जहाज ब्लू बेपासून जवळच प्रवाळांच्या भिंतीवर चढलें. ६ ऑगस्टला त्यांतून तेल वाहूं लागलें, आणि सुमारें एक हजार टन तेल त्या निळ्या पाण्यांत मिसळलें. इल ओ एग्रेतवरील दुर्मिळ रोपें व कांहीं पक्षी घाईनें मुख्य बेटावर हलविण्यांत आले. बाहेरची मदत पोंचेपर्यंत वाट पाहण्यास सवड नव्हती. तेव्हां सहस्रावधि सामान्य नागरिक किनाऱ्यावर धांवले. कापडाच्या लांब पिशव्या शिवून त्यांत उसाचें पाचट भरण्यांत आलें, व त्यांच्या सांखळ्या करून त्या पाण्यावर सोडण्यांत आल्या. पाचट तेल शोषून घेतें व तरंगतें. तरंगावें म्हणून रिकाम्या बाटल्याहि बांधण्यांत आल्या. त्या सांखळ्यांनीं सर्व तेल अडलें नाहीं. परंतु पुष्कळ अडलें. ज्या उसासाठीं कैद्यांचा व करारी मजुरांचा घाम त्या काळ्या दगडांवर पडला, त्याच उसाचें पाचट हातांत घेऊन त्यांच्या वंशजांनीं, इतर सर्व बेटकरांच्या बरोबरीनें, तें पाणी राखलें. पूर्वजांच्या लेखीं जें काळें पाणी होतें, तें या पिढीला आपलें वाटत होतें.

महाराष्ट्रांत असें पाणी पाहावयाचें असेल, तर मालवण जवळ आहे. शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्याच्या भोंवतालच्या समुद्रांतहि प्रवाळें आहेत. तो भाग १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि आतां तेथेंहि लोक कांच व नळी लावून पाण्यांत डोकावतात. तेथील प्रवाळांवर पाय न देणें, त्यांचा तुकडा आठवण म्हणून न उचलणें, होडीचा नांगर त्यांच्यावर न टाकणें, एवढें जरी प्रत्येकानें पाळलें, तरी त्या पाण्याचें पुष्कळ रक्षण होईल.

कुंभारीच्या माळावर पाऊस पडून गेला, कीं खणलेल्या पायाच्या खड्ड्यांत पाणी सांचतें आणि तळाचा काळा कातळ त्यांतून स्वच्छ दिसतो. तसाच कातळ मॉरिशसच्या खाजणाखालीं, प्रवाळांना आपल्या अंगावर घेऊन, पडलेला आहे. लेगानें पाहिलेल्या समुद्रगाई त्या समुद्रांतून गेल्या. पोपटमासे अद्यापि आहेत.